शैलामावशीचा पट

बारशाला गेलेली बाई आधी पाळण्यात डोकावते, नाक आईवर गेलंय की आत्यावर यावर मत देते आणि घुगऱ्या घेऊन घरी जाते. शैलामावशीचं तसं नाही. ती बाळंतिणीला जन्मतारीख विचारते, बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजते, पिशवीतून निळ्या पुठ्ठ्याची वही काढते आणि त्यात एक साल लिहिते. अजून बाळाचं नावही ठेवलेलं नसतं. "नाव ठेवा सावकाश," ती म्हणते, "साल पक्कं झालं." साल म्हणजे हे बाळ सहावीत कधी येणार, ते.

बनारसमधल्या मराठी घरांत गेल्या चाळीसेक वर्षांत जन्मलेलं एकही मूल या वहीतून सुटलेलं नाही. शिवाय नावाड्यांच्या घरची बाळाची छठी असो की विणकरांच्या घरचा अकीका, मावशी वही घेऊन हजर. माझ्या बारशालाही ती आली होती. आई सांगायची, नाव मीना ठेवायचं की मंजिरी यावरून आजी आणि आत्या हमरीतुमरीवर आल्या होत्या, आणि मावशी कोपऱ्यात बसून शांतपणे माझी सहावी काढत होती.

ती माझी सख्खी मावशी नव्हे. मंगला गौरीजवळ माझ्या माहेरच्या घराला लागून तिच्या दोन खोल्या आहेत, एवढंच नातं. लग्न केलं नाही. आईवडील गेले, भाऊ बंगलोरला गेला, आणि ती मुन्शी घाटाच्या मागच्या गल्लीतल्या सरकारी जूनियर हायस्कुलात गेली. तिथेच ती आता मुख्याध्यापिका आहे, म्हणजे सगळ्यांची 'बड़ी बहिनजी', आणि मी तिच्या हाताखाली मास्तरीण.

शाळा म्हणजे सहावी, सातवी आणि आठवी, तीन खोल्या, एक कडुलिंब आणि एक नळ. मंजूर शिक्षक पाच, प्रत्यक्षात तीन. गणिताला मावशी, विज्ञानाला मी आणि इंग्रजीला साक्षात परमेश्वर. तिसरे दुबेजी. त्यांची नेमणूक खेळाचे शिक्षक म्हणून झाली, पण शाळेला मैदान नाही, त्यामुळे ते संस्कृत शिकवतात. मतदारयाद्यांचं काम आलं की आमच्यापैकी एक जण महिनाभर गायब होतो, आणि मग उरलेल्या दोघांनी तीन वर्ग सांभाळायचे. एका वर्षी मावशीने दोन खोल्यांच्या मधल्या दारात खुर्ची टाकून दोन्ही वर्गांना एकदमच अपूर्णांक शिकवले होते. त्या वर्षीची पोरं अजून तिरकी मान करून गणितं सोडवतात.

मावशीचा खरा विषय मात्र गणित नव्हे, पट. हजेरीपटावर किती आणि अंगणात किती, यापलीकडे तिला जगात फारसा रस नाही. प्रार्थनेला मोजणार, खिचडीच्या पंगतीला मोजणार, शाळा सुटताना दारात उभी राहून प्रत्येकाच्या डोक्याला हात लावत मोजणार. "मोजलेलं हरवत नाही गं मीने," हे तिचं ठरलेलं वाक्य. सकाळी घाटाघाटाने चालत येताना ती नावा मोजते, वाटेतल्या घाटांच्या पायऱ्या मोजते. आमच्या एका नातेवाईकाच्या लग्नात तिने वरात येतायेताच मोजली आणि वधूपित्याला बाजूला घेऊन सांगितलं, "भात आणखी टाका, सोळा जास्त आहेत." त्याने ऐकलं नाही, आणि शेवटच्या पंगतीला नुसत्या पुऱ्या खाव्या लागल्या. ते सोळाही मावशीने मोजून घेतले होते.

एकदा सातवी-आठवीची सहल सारनाथला नेली. नेली एकतीस पोरं, परत आणली बत्तीस. गाडीतून उतरताना मावशी मोजत होती आणि एकदम थबकली. दुबेजी म्हणाले, "बहिनजी, एक बढ़ गया तो का हुआ, घटा तो नाहीं न." मावशीने सगळ्यांना पुन्हा रांगेत उभं केलं. जास्तीची एक मुलगी निघाली, दुसऱ्याच शाळेची. आमच्या डब्यातल्या पुऱ्या तिला आवडल्या म्हणून ती आमच्या गाडीत चढली होती. मावशी तिला घेऊन रिक्षाने पार शहराच्या दुसऱ्या टोकाला गेली, आईच्या ताब्यात दिली, आणि निघता निघता त्या आईला विचारून आली, "नाम हमारे यहां लिखवाएंगी?"

तिच्या मोजण्याचा एक नियम मला फार उशिरा कळला. शाळेत ती हिंदीत मोजते. घरी पापड वाळत घातले, वाट्या मांडल्या, साडीच्या निऱ्या केल्या की मराठीत. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "घरातलं मोजायला मराठी, बाहेरचं मोजायला हिंदी. दोन्हीची खिचडी केली की गिनती चुकते." मी हसले होते.

दरवर्षी सरकारी नमुना भरावा लागतो. मुलं किती, मुली किती, कुठल्या जातीजमातीचे किती, कोणाची मातृभाषा काय. आमचा पट म्हणजे सगळा काशीचा नमुना. विणकरांच्या मुली, नावाड्यांची पोरं, बिहारातून आलेल्या मजुरांची, फुलं विकणाऱ्यांची आणि एका बंगाली आचाऱ्याची दोघं. मातृभाषेच्या रकान्यांत हिंदी, उर्दू आणि बांगला भरून झालं की शेवटी एक ओळ उरते, मराठी. मावशी नोकरीला लागली तेव्हा त्या ओळीत सात होते. मग पाच, मग दोन. मी शाळेत आले त्याच्या कितीतरी आधीपासून तिथे शून्य आहे. बाकीच्या मोकळ्या रकान्यांत ती आडवी रेघ मारते, पण इथे शून्य काढते. चांगलं गोल, सुबक.

मागच्या श्रावणात वरून कागद आला. पन्नासच्या आत पट असलेल्या शाळा जवळच्या मोठ्या शाळेत मिळवायच्या. महिना-दीड महिन्यात, सप्टेंबरअखेरचा पट धरायचा. आमच्या पटावर तेव्हा सेहेचाळीस होते. मोठी शाळा तशी फार लांब नाही, पण मधे हमरस्ता आहे. "मुलगे जातील रस्ता ओलांडून," मावशी कागदाची घडी घालत म्हणाली. "पोरी घरी बसतील. एकदा घरी बसल्या की बसल्याच." सेहेचाळिसातल्या एकोणतीस मुली होत्या. आणि मावशी स्वतः मार्चअखेर निवृत्त होणार होती. पुढच्या माणसाच्या हातात कुलूप द्यायचं की पट, एवढाच तिच्यापुढे प्रश्न होता.

दुबेजींकडे तोडगा तयार होता. "चार ठो नाम चढ़ा दीजिए, बहिनजी. कौन देखने आता है." मावशीने चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. "जो नहीं है वो एक भी लिखा ना दुबेजी, तो जो छियालीस हैं उन पर भी कोई विश्वास नहीं करेगा." दुबेजी त्यानंतर दोन दिवस फक्त संस्कृत बोलले.

मग निळी वही बाहेर आली. वहीप्रमाणे यंदा सहावीला बावीस जणं यायला हवी होती, आली होती चौदा. उरलेल्या आठांच्या घरी जायचं ठरलं. शाळा सुटली की मावशी पुढे आणि मी मागे. गंगा चढलेली होती, घाट पाण्याखाली, त्यामुळे सगळी वाट गल्ल्यांतून, सांड आणि स्कूटर चुकवत. कोणी गाव सोडून गेलं होतं, कोणाला खासगी शाळेचा टाय आवडला होता. मावशी प्रत्येक दारात तेच सांगायची, "ये बच्चा बारह दिन का था, तब से हमारा है." लोक पाणी द्यायचे, पेढा द्यायचे, मूल द्यायचे नाहीत. बाहेर पडलं की ती वहीत त्या नावावर बारीक रेघ मारायची.

शेवटचं घर माझ्या माहेरच्या गल्लीतल्या एका भिक्षुकांचं. मराठी. मुलगा सहावीत, इंग्रजी शाळेत. मावशीने जन्मतारखेपासून सुरुवात केली. भिक्षुकांनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे बघत म्हणाले, "शैलाताई, राग मानू नका. तुमच्या या मीनाची मुलगी कुठल्या शाळेत जाते हो?"

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. माझी गार्गी सहावीत आहे. तेव्हा ती रोज सकाळी सव्वासहाला पिवळ्या बसमध्ये बसायची, तासभर लांबच्या इंग्रजी शाळेत जायची. आम्ही तिकडे रेल्वे कॉलनीत राहतो, तिच्या बाबांच्या ऑफिसातल्या सगळ्यांची मुलं त्याच शाळेत, असली कारणं माझ्यापाशी पुष्कळ होती.

"तिला आत कशाला ओढता," मावशी म्हणाली. "गार्गी माझ्या वहीतच नाही. तिचं बारसं चुकलं माझं." आणि चप्पल घालून निघाली. वाटेत मी काही बोलणार, तोवर तिने दोन्ही बाजूंच्या घरांच्या खिडक्या मोजायला सुरुवात केली होती.

गौरी आल्या. मावशी दरवर्षी गौरीचं हळदीकुंकू करते. गल्लीतल्या एका काकूंनी पूर्वी एकदा टोचून विचारलं होतं, की स्वतः कुमारिका असून तुम्ही कसलं हळदीकुंकू करता. मावशीने चटकन सांगितलं, "शाळा उघडी आहे तोवर मी सवाष्णच." यंदा तिने मराठी बायकांबरोबर शाळेच्या आसपासच्या झाडून सगळ्या आयांना बोलावलं. नावाड्यांच्या बायका आल्या, फुलवाल्या आल्या, विणकरांच्या घरच्या सात-आठ जणी बुरखे सांभाळत अरुंद जिना चढून आल्या. ज्यांना कुंकू चालतं त्यांना कुंकू, ज्यांना नाही त्यांना मनगटाला अत्तर. शंकरपाळे सगळ्यांना. आणि ओटीत तांदूळ, सुपारी आणि चार घड्या घातलेला शाळेचा प्रवेशाचा फॉर्म. "ये हमारे यहां का रिवाज है," मावशीने बेधडक सांगितलं, "ओटी का सामान लौटाते नहीं, भरके लाते हैं." असा रिवाज नाही. मराठी बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि शंकरपाळे तोंडात टाकले.

चौथ्या दिवशी दोन फॉर्म भरून आले. दोघी सख्ख्या बहिणी, विणकराच्या घरच्या. पाचवी झाल्यावर त्यांना घरी बसवून मागासाठी सुताच्या नळ्या भरायला लावलं होतं. मग एका नावाड्याची बायको मुलीला हाताला धरून घेऊन आली. पुरामुळे नावा बंद होत्या, म्हणून मुलगी रिकामी होती. "नाव चालू हुई तो भी आएगी," आईने स्वतःच सांगितलं. एकोणपन्नास झाले. मावशीने त्या दिवशी खिचडीच्या पंगतीला चारदा मोजणी केली.

पन्नासावं मूल मात्र काही सापडेना, आणि महिना संपायला चार दिवस असताना तपासणीचे साहेब आले. सकाळपासून मावशी आणि दुबेजी घराघरांतून पोरं गोळा करून आणत होते. एक गोवर झालेला मुलगा मावशीने दारातूनच परत फिरवला, पण तो आजारी असल्याची डॉक्टरची चिठ्ठी आणली. साहेब जेवणाच्या पंगतीत फिरून मोजू लागले. बरोबर आलेल्या बाबूला म्हणाले, "उनचास. और एक बीमार. पचास पूरे. लिखिए."

दुबेजींनी डोळे मिटून हात जोडले. मावशी म्हणाली, "साहब, एक ज़्यादा गिन लिए."

मी तिचा पदर ओढला. तिने तो सोडवून घेतला आणि पंगतीच्या टोकाला बसलेल्या चिमुरडीकडे बोट दाखवलं. नव्या आलेल्या नावाड्याच्या मुलीची धाकटी बहीण, साडेपाच वर्षांची, रोज ताईच्या मांडीला मांडी लावून जेवायला बसायची. "ये पट पर नहीं है. आने में छह साल हैं. हमने लिख रखा है."

साहेबांनी मावशीकडे असं पाहिलं, की नोकरीत असला प्रकार पहिल्यांदाच घडला असावा. मग त्यांनी आकडा खोडून एकोणपन्नास लिहिला. जाताना म्हणाले, "बहिनजी, महीना अभी बाकी है." दुबेजी त्या दिवशी जेवले नाहीत. मावशी जेवली, आणि भांडी मोजून आत ठेवली.

संध्याकाळी नवी यादी तयार करायला तिने मला निळी वही दिली आणि स्वतः आंघोळीला गेली. मी तिच्या खोलीत बसून पानं उलटत होते. सहज मागे गेले तर माझं नाव सापडलं. मीना, आणि पुढे साल. त्यावर रेघ. मीसुद्धा सहावीला दुसऱ्या शाळेत गेले होते, हे मी पार विसरून गेले होते. मग यंदाचं पान. भिक्षुकांच्या मुलावर रेघ. बाकीच्या गेलेल्यांवर रेघ. आणि सगळ्यात खाली, बारशाच्या दिवशीच्या शाईने लिहिलेलं, गार्गी. त्यावर रेघ नव्हती. एप्रिलमध्ये शाळेचं वर्ष सुरू होऊन सहा महिने होत आले होते, तरी नव्हती.

मावशी केस पुसत बाहेर आली. मी वही तिच्यासमोर धरली. "बारसं चुकलं म्हणालीस ना?"

"रेघ मारायची राहिली," ती म्हणाली आणि टॉवेल झटकायला खिडकीत गेली. बराच वेळ झटकत राहिली. मग पाठमोरीच म्हणाली, "तुझ्याकडे मागितलं असतं तर तू नाही म्हणाली नसतीस. म्हणूनच नाही मागितलं."

मला फार लाज वाटली. ज्या शाळेत मी दहा वर्षं शिकवते, ती दुसऱ्यांच्या मुलांना पुरेशी आणि माझ्या मुलीला कमी, असं मी कधी तोंडाने म्हटलं नव्हतं. पण रोज सकाळी तिला पिवळ्या बसमध्ये बसवताना मी तेच म्हणत होते. "मी उद्या गार्गीला आणते," मी म्हणाले.

मावशी वळली ती रागावूनच. "पट भरायला मूल आणायचं नसतं मीने. पोरीला विचार आधी. ती नाही म्हणाली तर बस, विषय संपला."

घरी जेवताना गार्गीला विचारलं. तिच्या बाबांनी भाजी वाढून घेता घेता "बाई गं, नीट विचार करून सांग," एवढंच सांगितलं. गार्गीने दोन प्रश्न विचारले. पहिला, सकाळी किती वाजता उठावं लागेल. दुसरा, तिथे शैलाआजी स्वतः गणित शिकवते का. दोन्हींची उत्तरं ऐकल्यावर ती माझ्याकडे बघून म्हणाली, "अगं मग आधी क्यूं नाही सांगितलंस?"

दाखला काढण्यात दोन दिवस गेले. महिन्याच्या शेवटच्या दिवशी मी तिला घेऊन शाळेत आले. मावशीने ओळख दाखवली नाही. फॉर्म पुढे घेऊन एकेक रकाना रीतसर विचारला. नाव. जन्मतारीख, जी तिला माझ्यापेक्षा पक्की पाठ होती. मातृभाषा. "मराठी," गार्गी म्हणाली. मावशीने ते लिहिलं, आणि मग उगाचच पेनाचं टोपण शोधू लागली. ते तिच्या डाव्या हातातच होतं.

त्या दिवशी पन्नासांची यादी गेली. विलयाच्या कागदातून आमच्या शाळेचं नाव निघाल्याचं पुढे दिवाळीच्या सुमारास कळलं, तेव्हा दुबेजींनी सगळ्यांना जिलेबी दिली. पण मला लक्षात राहिली आहे ती त्या सकाळची प्रार्थना. गोवर बरा झालेला मुलगाही येऊन उभा होता. प्रार्थना संपली, मावशी रांगेच्या टोकाला गेली आणि पहिल्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "एक." दुसरीच्या डोक्यावर हात ठेवला, "दोन." तिसरीला "तीन." तोवर कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. "अकरा" आलं तशी पोरं खुदखुदायला लागली. विणकराच्या घरच्या दोघी बहिणी, नावाड्याची मुलगी, बंगाली आचाऱ्याची दोघं, एकेकाच्या डोक्यावर हात ठेवत ती पुढे सरकत होती, अठरा, एकोणीस, वीस.

दुबेजी माझ्या कानाशी आले. "ई कौन गिनती सुरू हो गई?"

"मराठी, दुबेजी," मी म्हणाले. मावशी रांगेच्या शेवटी गार्गीपाशी पोचली, "पन्नास" म्हणाली, आणि परत पहिल्या पोरीकडे जाऊन पुन्हा एकपासून मोजू लागली.